सहलीतला स्पा: सोलापूरकर मला हळूच विचारतात ते प्रश्न

मी सोलापुरातून दरवर्षी दोन-तीन गट घेऊन बाली, थायलंड, केरळ आणि कधीमधी मालदीवला जाते. निघण्याआधी सात रस्त्याजवळ आमची बैठक होते. व्हिसा, जेवण, पैसे यांबद्दल सगळे मोकळेपणाने विचारतात. स्पाबद्दल मात्र बैठकीत कुणी तोंड उघडत नाही. बैठक संपते, लोक चपला घालू लागतात, आणि मग एखादी काकू मला बाजूला ओढून म्हणते, "ताई, एक विचारू का? हसू नका." मी कधीच हसत नाही, कारण प्रश्न खरे असतात आणि या एका तासासाठी लोक चांगले पैसे मोजणार असतात. तेच प्रश्न उत्तरांसह इथे लिहून ठेवते आहे.

स्पा म्हणजे नुसतं मालीशच ना?

मालीश हा त्यातला मुख्य भाग. चांगल्या हॉटेलातल्या स्पामध्ये सहसा आधी पाय धुतात, मग अंग घासतात, तेलाचं मालीश करतात, त्यानंतर आंघोळ किंवा वाफ, आणि शेवटी गरम चहा. यातलं आपल्याला अनोळखी काय आहे? नरक चतुर्दशीला पहाटे तेल, उटणं आणि कढत पाणी हाच क्रम असतो. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावायला बाई येते, तिच्या हाताखाली आपण सगळे वाढलो. तिथे गेल्यावर लाजल्यासारखं झालं, तर हे आठवा. मालीश तेच असतं, फक्त ती बाई कानडी किंवा तेलुगूऐवजी थाई किंवा बालीची भाषा बोलत असते.

पण स्पाचं नाव काही चांगलं ऐकू येत नाही. छाप्यांच्या बातम्या येतात.

येतात, आणि म्हणूनच अनेक घरांत हा शब्द मोठ्यांसमोर उच्चारत नाहीत. चांगल्या जागेची ओळख सोपी आहे. दर छापील असतात. आधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात. थेरपिस्टचं नाव सांगतात आणि रीतसर पावती देतात. रस्त्यावर उभं राहून हाताला धरून आत बोलावणारी, दर विचारला की "आधी आत या" म्हणणारी जागा टाळा. तरीही आत गेल्यावर काही वावगं वाटलं, तर उठून कपडे घालून बाहेर या. कारण सांगायची गरज नाही. मी बाहेरच बसलेली असते.

कपडे सगळे काढावे लागतात का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि सगळ्यांत हळू आवाजात.

थाई मालीशमध्ये कपडे काढतच नाहीत. ते सैल सुती सदरा-पायजमा देतात, जमिनीवरच्या गादीवर झोपवतात आणि तेल न लावता दाबतात, ताणतात, वाकवतात. ज्यांना अंगावर परक्याचा हात नको वाटतो त्यांनी पहिल्यांदा हेच घ्यावं.

बालीच्या तेल मालिशीत वापरून टाकून द्यायची चड्डी देतात आणि वरून सारोंग (लुंगीसारखं कापड) किंवा मोठा टॉवेल पांघरतात. पाय चालू असेल तर फक्त तो पाय उघडा, बाकी सगळं झाकलेलं. कपडे बदलताना थेरपिस्ट बाहेर जाते. स्वतःची आतली वस्त्रं ठेवायची असतील तर ठेवा, फक्त तेलाने खराब होतील अशी जुनी न्या. केरळात आयुर्वेदिक केंद्रात पातळ लंगोटासारखं कापड बांधतात आणि तेल भरपूर असतं, त्यामुळे तिथे झाकणं कमी असतं. म्हणूनच बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष अशी तिथली जुनी रीत आहे.

बाली आणि थायलंडमध्ये ही रीत गृहीत धरू नका. बुकिंग करतानाच "बाई थेरपिस्ट हवी" असं सांगा आणि ते पावतीवर लिहून घ्या. पुरुषांनीही हवं तर "पुरुष द्या" म्हणावं. गटातले कितीतरी काका केवळ संकोचाने स्पा टाळतात आणि तासभर बाहेर बसून राहतात, याचं मला वाईट वाटतं.

मंगळसूत्र, जोडवी, इष्टलिंग काढायला लावतात का?

कुणी सक्ती करत नाही. सोन्याला तेलाने काही होत नाही, पण काळ्या मण्यांमध्ये तेल आणि उटण्याचे कण अडकून बसतात, आणि गरम दगडांच्या मालिशीत धातू तापतो. म्हणून दागिने खोलीतल्या तिजोरीत ठेवून गेलेलं बरं. स्पाच्या लॉकरपेक्षा मला ती जागा खात्रीची वाटते. ज्यांना मंगळसूत्र काढायचंच नाही त्यांनी मान सोडून बाकी अंगाचं मालीश मागावं.

इष्टलिंगाबद्दल, म्हणजे लिंगायत लोक गळ्यात घालतात त्या लिंगाबद्दल, सिद्धरामेश्वरांच्या गावात विचारलं जाणारच. तिथल्या थेरपिस्टला ते काय आहे हे माहीत नसतं. ती माळ समजून हात लावू शकते. झोपण्याआधीच खुणेने सांगा: हे देवाचं आहे, इथे हात नको. बालीत तर हे लगेच समजतं. तिथले बहुतेक लोक हिंदू आहेत, रोज सकाळी दारात फुलं आणि तांदळाची छोटी परडी ठेवतात. आमच्या गटातल्या एका आजींनी इष्टलिंग उजव्या हातात धरून पाठीचं मालीश करून घेतलं. त्या थेरपिस्टने आधी दोन्ही हात जोडले आणि मगच तेल घेतलं.

मे महिन्यात 42-43 अंश सोसणाऱ्याने पैसे देऊन वाफेत का बसायचं?

रास्त प्रश्न. पण आपण सोसतो ते ऊन कोरडं असतं. घाम येतो, लगेच वाळतो आणि वाळताना अंग थंड करतो. सौना, म्हणजे लाकडी खोली, 80-90 अंशांपर्यंत तापते, तरी हवा कोरडी असल्याने आपल्याला ती ओळखीची वाटते. वाफेची खोली 45 अंशांच्या आसपासच असते, पण हवा पाण्याने भरलेली. घाम वाळतच नाही आणि अंगातली उष्णता आतच राहते. "आम्ही सोलापूरचे, आम्हाला काय होतंय" म्हणून अर्धा तास बसणारे तिथे चक्कर येऊन खाली बसतात. पहिल्यांदा पाच-सात मिनिटं, सवय असली तरी दहा-पंधराच्या वर नको. बसण्याआधी पाणी प्या. दारू घेतली असेल तर त्या दिवशी वाफ नाही, हे मी गटात सरळ सांगते. लेन्स काढून ठेवा.

खरं तर सोलापूरही उष्णकटिबंधातच येतं, साधारण साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर. पण आपण पर्जन्यछायेत आहोत. बाली किंवा फुकेटला विमानातून उतरलं की जी ओली गरम हवा अंगाला चिकटते, तिची सवय व्हायला एक दिवस लागतो.

थायलंड, बाली, केरळ: कुठे काय घ्यावं?

एकच सल्ला द्यायचा तर, त्या त्या जागेचं घ्या. बालीला जाऊन स्वीडिश मालीश आणि बँकॉकला जाऊन शिरोधारा, म्हणजे कपाळावर तेलाची धार, घेण्यात हशील नाही.

थायलंडमध्ये नुआड थाई, म्हणजे तिथलं पारंपरिक मालीश. युनेस्कोने 2019 मध्ये याला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात घेतलं. बँकॉकच्या वाट फो मंदिरात याची शाळा आहे, आणि भिंतींवर शरीरातल्या शिरा-बिंदूंच्या आकृत्या कोरलेल्या शिळा आहेत. तिथेच मालीशही करून मिळतं. थेरपिस्ट तळहात, कोपर, गुडघे, कधी पायसुद्धा वापरते. दिवसभर उभं राहून दुकान चालवणाऱ्यांना, यंत्रमागावर पाठ मोडणाऱ्यांना हे आवडतं. गुडघे-खांदे आखडले असतील तर "ताणू नका, फक्त दाबा" म्हणा. मणक्याचा आजार किंवा हाडं ठिसूळ असतील तर हा प्रकार नकोच.

बालीत दोन गोष्टी सोडू नका. पहिली लुलूर: हळद, तांदळाचं पीठ, चंदन आणि वरून दही. मूळची जावा बेटावरची, लग्नाआधी नवरीला लावायची रीत. आपल्या हळदीची धाकटी बहीणच म्हणा. दुसरी बोरेह: लवंग, आलं असे गरम मसाले तांदळाबरोबर वाटून केलेला लेप, जो तिथले शेतकरी भातशेतीतून दमून आल्यावर अंग शेकायला लावत. बोरेह पहिल्यांदा गार वाटतो आणि दहा मिनिटांत अंग पेटल्यासारखं होतं, म्हणून नाजूक कातडीवाल्यांनी आधी हातावर लावून बघावा. शेवटी फुलांच्या पाण्यात बसवतात. त्यातली पांढरी-पिवळी फुलं आपल्या देवळाच्या आवारातल्या देवचाफ्याचीच. वर जामू नावाचा हळद-चिंचेचा काढा देतात. जामूची परंपराही युनेस्कोच्या यादीत 2023 मध्ये आली.

केरळात अभ्यंग म्हणजे तेलाचं मालीश, पिळिच्चिल म्हणजे अंगावर कोमट तेल पिळत करतात ते मालीश, किळी म्हणजे औषधी पोटलीचा शेक, आणि शिरोधारा. लाकडी द्रोणीवर झोपवून दोन जण दोन्ही बाजूंनी एका लयीत तेल लावतात. एकदा अनुभवलं की ती लय विसरत नाही. पण तीन दिवसांच्या सहलीत कुणी "पंचकर्म" विकत असेल तर घेऊ नका. पंचकर्माला पथ्य लागतं, वैद्याची तपासणी लागते आणि निदान सात, चौदा, एकवीस दिवस लागतात. केरळ पर्यटन खातं अशा केंद्रांची वर्गवारी करतं, पूर्वी ग्रीन लीफ आणि ऑलिव्ह लीफ होती, आता आयुर डायमंड आणि आयुर सिल्व्हर आहे; केंद्राच्या दारावर ती पाटी शोधा. मल्याळी लोक स्वतः हे उपचार कर्किडकम महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, पावसात घेतात. आपल्याकडे तेव्हा शाळा सुरू असतात, म्हणून घरातल्या ज्येष्ठांनी तेवढ्यासाठी वेगळं जावं. पुण्याहून कन्याकुमारीला जाणारी गाडी सोलापूरवरूनच एर्नाकुलमला जाते, विमानाची गरज नाही.

मालदीवला स्वतःचा असा फारसा प्रसिद्ध प्रकार नाही. तिथे पैसे समुद्रावर बांधलेल्या खोलीचे आणि पालथं झोपल्यावर काचेतून दिसणाऱ्या माशांचे. ते दृश्य सुंदर आहे, पण खर्च बघून ठरवा.

लिहिलेला दर आणि बिल यांत एवढा फरक का पडतो?

दरापुढे बेरजेची दोन चिन्हं असतात, त्यामुळे. पहिलं सेवाशुल्क, दुसरं कर. थायलंडमध्ये 10 टक्के सेवाशुल्क आणि त्यावर 7 टक्के व्हॅट. म्हणजे 4000 बाहतचं मालीश 4708 ला पडतं. बालीत दोन्ही मिळून बहुतेक ठिकाणी 21 टक्क्यांच्या आसपास जातं. मालदीवमध्ये सेवाशुल्क 10 टक्के आणि पर्यटन कर 1 जुलै 2025 पासून 17 टक्के, म्हणजे 150 डॉलर वाचले की मनात 193 धरा. आपल्याकडे अशा सेवांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आला, त्यामुळे गोवा-केरळ थोडं हलकं झालं.

बालीच्या दरपत्रकात आणखी एक गोष्ट फसवते. रुपियाचे शून्य इतके असतात की शेवटचे तीन छापतच नाहीत. 850 लिहिलं असेल तर ते साडेआठ लाख रुपिया. एक लाख रुपिया म्हणजे आपले साधारण पाचशे-साडेपाचशे रुपये. हा हिशेब दारातच करा, टेबलावर झोपल्यावर नको.

बीपी, शुगर आहे. चालेल का?

औषधाने ताब्यात असेल तर हलकं मालीश बहुतेकांना चालतं, पण निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. आणि फॉर्मवर लपवू नका. आपल्याकडे ही सवय आहे: "कशाला सांगायचं, उगाच नाही म्हणतील." तो फॉर्म तुमच्यासाठीच असतो.

मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. गरम दगड किंवा कढत पाणी भाजतंय हे कळतच नाही, म्हणून गरम दगड आणि पायांची जोरदार घासणी टाळा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जोराचं मालीश नको, काळेनिळे डाग उठतात. लांबच्या विमानप्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, तर मालीश अजिबात नाही. ती रक्ताची गाठ असू शकते आणि चोळल्याने सुटून पुढे सरकू शकते. सरळ डॉक्टरकडे जा. गरोदर बाईने वाफ, सौना, गरम पाण्याचा टब हे तिन्ही टाळावं, आणि मालीश घ्यायचं तर डॉक्टरांच्या होकारानंतर, गरोदरपणाचं प्रशिक्षण असलेल्या थेरपिस्टकडूनच. पाळीत मालीश करायला हरकत नाही, ओटीपोट सोडा म्हणून सांगा.

शेंगदाण्याची, बदामाची किंवा तिळाची ॲलर्जी असेल तर तेल कसलं हे विचारा.

सहलीत कोणत्या दिवशी जावं?

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी. पहिल्या दिवशी अंग प्रवासाने शिणलेलं असतं. सोलापूरहून आधी हैदराबाद किंवा मुंबई गाठायची, मग रात्रीचं विमान. त्या थकव्यात जोराचं मालीश घेतलं की दुसऱ्या दिवशी अंग आणखी दुखतं. शेवटच्या दिवशीही नको, तेलकट केसांनी विमानात बसावं लागतं.

उन्हाने कातडी लाल झाली असेल तर मालीश आणि घासणी दोन्ही रद्द करा. वॅक्सिंग केल्यावर चोवीस तास अंग घासून घेऊ नका. घासणी झाली की त्याच दिवशी समुद्रात उतरू नका, खारं पाणी झोंबतं. लिंबू किंवा बर्गमॉट या लिंबासारख्या फळाचं सुगंधी तेल लावलं असेल तर पुढचे बारा तास ऊन टाळा, कातडीवर डाग पडतात. स्कूबा केलं त्या दिवशी जोराचं मालीश नको. अंग मालीशने दुखतंय की पाण्याखालच्या दाबामुळे, हे मग डॉक्टरलाही पटकन सांगता येत नाही. जेवणानंतर दोन तास थांबा.

आणि घड्याळ. बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, थायलंड दीड तास पुढे, मालदीव अर्धा तास मागे. एकदा बालीत आमच्या चार बायकांची दुपारी तीनची वेळ होती. दोघींची मनगटी घड्याळं सोलापूरच्याच वेळेवर, आणि फोनला तिथलं सिमकार्ड नव्हतं. त्या पोचल्या तेव्हा तिथले साडेपाच वाजले होते. पैसे आधीच भरलेले, परत मिळाले नाहीत. नियम स्पाने पावतीवर छापला होता, चूक स्पाची नव्हती. एकीने त्या तासासाठी वर्षभर भिशीतून पैसे साठवले होते. तेव्हापासून विमानातून उतरताना मी प्रत्येकाच्या मनगटाकडे बघते.

दुखतंय हे सांगायचं कसं? इंग्रजी येत नाही.

तीन-चार शब्द पुरतात, आणि मी ते चिठ्ठीवर लिहून देते. थायलंडमध्ये "बाव बाव" म्हणजे हळू दाबा, "जेप" म्हणजे दुखतंय. बालीत "पलान-पलान" म्हणजे हळू, "साकित" म्हणजे दुखतंय, "चुकुप" म्हणजे पुरे. केरळात "पतुक्के" हळू आणि "मदि" पुरे.

दात-ओठ खाऊन सोसू नका. आपल्या बायकांना सोसायची इतकी सवय असते की पैसे देऊन झोपलेल्या असतानाही त्या "असू दे, तिला वाईट वाटेल" म्हणून गप्प राहतात. तिला वाईट वाटत नाही. तिला ते कळायला हवंच असतं. एसी जास्त वाटला, संगीत नको वाटलं, मधेच लघवीला जायचं असलं, तरी सांगा. झोप लागून घोरलात तरी काही बिघडत नाही, तिथे रोजच कुणीतरी घोरतं.

टिप किती?

सेवाशुल्क बिलात धरलेलं असलं तरी थोडे पैसे थेट थेरपिस्टच्या हातात द्यावेत असं माझं ठाम मत आहे. दिवसभरात चार-पाच अंगं चोळायची म्हणजे तिचे अंगठे आणि मनगटं जातात. विडी वळणाऱ्या आणि मागावर उभ्या राहणाऱ्या हातांच्या गावातून आपण येतो, हे आपल्याला वेगळं समजवावं लागू नये. थायलंडच्या साध्या पार्लरमध्ये 50 ते 100 बाहत, मोठ्या हॉटेलात त्याहून जास्त. बालीत सक्ती नाही, पण 50,000 रुपियाची नोट ती आनंदाने घेते. उजव्या हाताने द्या, डावा हात तिथेही अशुभ मानतात.

सासूबाईंना नेऊ का?

जरूर न्या. त्यांना पूर्ण अंगाचं नको वाटलं तर पायांचं मालीश द्या. खुर्चीत बसून, साडी गुडघ्यापर्यंत, सगळ्यांसमोर. दहा मिनिटांत त्यांचा चेहरा बघा.

पाय माशांच्या टाकीत सोडतात ते कसं?

नको. एकाच पाण्यात दिवसभर किती जणांचे पाय जातात, आणि मासे काही उकळून निर्जंतुक करता येत नाहीत. अमेरिकेतल्या काही राज्यांत यावर बंदी आहे. मधुमेह असेल किंवा पायाला भेग असेल तर त्या टाकीच्या जवळही जाऊ नका.

आम्ही शुद्ध शाकाहारी. लेपात काही असतं का?

चेहऱ्याच्या काही लेपांत अंडं, मध किंवा गोगलगायीचा स्राव असतो. थायलंडमध्ये गोगलगायीचं क्रीम दुकानोदुकानी दिसतं. लुलूर, बोरेह, नारळ हे वनस्पतींचे, फक्त लुलूरमध्ये दही असतं. मध न खाणाऱ्यांनी आधी विचारावं.

स्वतःचा टॉवेल न्यायचा का?

नाही, तिथे सगळं मिळतं. पण हा प्रश्न सोलापूरने विचारावा याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्या टेरी टॉवेलला चादरीसारखंच भौगोलिक मानांकन आहे, आणि तो कितीतरी देशांत जातो. मी प्रत्येक स्पामध्ये कपडे बदलताना टॉवेलची किनार उलटून शिवलेली पट्टी वाचते. बहुतेकदा दुसऱ्याच देशाचं नाव असतं. एकदा केरळात पट्टीवर आपलं गाव निघालं. मी बाहेर येऊन बाकीच्या सहा जणींना बोलावलं. त्यातल्या एकीच्या सासऱ्यांनी अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं टॉवेल विणले होते. ती तो टॉवेल हातात घेऊन बराच वेळ त्याचे फेरे बोटांनी चाचपत बसली होती, आणि थेरपिस्ट दारात शांतपणे थांबली होती.